रानात पाऊल टाकण्याआधी

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या व्हर्नन काउंटीतल्या नोव्हेंबरबद्दल, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या हंगामाबद्दल थोडं लिहिलं होतं. चीजच्या कारखान्यातली निम्मी पाळी रजेवर, पेट्रोल पंपावर पहाटे चारला नारिंगी जाकिटांची रांग आणि नऊ दिवस गावात हरणाखेरीज दुसरा विषय नाही. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी मूळचा राजापूर तालुक्यातला. १९९८ पासून विस्कॉन्सिनच्या या डोंगराळ कोपऱ्यात राहतो आणि चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. २००४ साली शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम केला, तेव्हापासून रानात जातो.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षापूर्वी विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावी नोकरीला लागला. तिथले सहकारी त्याला हरणाच्या शिकारीला बोलावताहेत आणि त्याला जायचंय. आमच्या घरी मांसाहार चालतो, पण हरीण मारायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. तिकडे हा गुन्हा नाही का? आणि त्याच्या जिवाला धोका? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, गुन्हा नाही. थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा सण, त्याच्या आदल्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. राज्यात पाच लाखांहून जास्त लोक त्यासाठी परवाना काढतात. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण दुर्मीळ नाही, राज्यात त्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर आहे. लांडगे आहेत ते मुख्यतः उत्तरेकडच्या जंगलात. आमच्या बाजूला हरणाला आवरणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मका खाल्ला जातो, ओकची रोपं वीतभर वाढली की खुडली जातात आणि रस्त्यावर गाड्यांखाली हरणं मरतात.

पण त्याआधी एक गोष्ट, जी त्याचे सहकारी त्याला सांगणार नाहीत, कारण त्यांना ती माहीत असायचं कारणच नाही. मुलगा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याला बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. म्हणजे आधी परवाना आणि मग बंदुकीला हात, हा क्रम मोडायचा नाही. मित्राच्या घरी सहज रायफल हातात घेऊन फोटो काढणं, नेमबाजीच्या मैदानावर दोन बार काढून बघणं, हे परवान्याआधी नको. परवान्याची मुदत संपली की ही सवलतही संपते. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलाला त्याने एकदा फोन करावा. ग्रीन कार्ड मिळालेल्याला ही अडचण येत नाही.

आता धोक्याचं. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो केलेला नसेल तर अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून, त्याच्या देखरेखीखाली जाता येतं. तरी माझं मत विचाराल तर मुलाने अभ्यासक्रम करूनच जावं. मी केला तेव्हा वर्गात बारा-तेरा वर्षांची मुलं होती आणि मी एकटा चाळिशीचा. त्या मुलांच्या तोंडी चार नियम पाढ्यासारखे होते : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं; नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची; सावज नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय नेम नाही; आणि बार काढायच्या क्षणापर्यंत बोट घोड्यापासून लांब. कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक नारिंगी किंवा २०१६ पासून चालतो तो भडक गुलाबी हवा, टोपी घातली तर तीही. हरणाला तो रंग फिकट, मातकट दिसतो, माणसाला मात्र मैलभरावरून दिसतो. मुलाला आणखी एक सांगा : उंच मचाणावर चढायचं असेल तर अंगाला पट्टा बांधूनच. गोळीची भीती सगळ्यांना असते, पण झाडावरून पडून पाठ मोडलेली माणसं मी जास्त बघितली आहेत.

आता अंगावरच्या काट्याबद्दल. तो खोटा नाही आणि मुलाला सोडून जावा असंही मला वाटत नाही. २००६ च्या हंगामात मी संध्याकाळी उजेड संपत आला असताना एका मादीवर गोळी झाडली. पाच मिनिटं आधी ती झाडली असती तर बरोबर होती, पाच मिनिटं नंतर मी झाडलीच नसती. गोळी छातीत लागायची ती मागे, पोटात लागली. मादी पाठ वाकवून चालत ओढ्याकडे उतरली. मी मागोमाग निघणार होतो, तेवढ्यात ज्यांच्या शेतावर मी होतो त्या शेजारी आजोबांनी मला बसवलं. पोटात लागलेलं हरीण जवळपास कुठेतरी बसतं, आणि लगेच पाठलाग केला तर उठून मैलभर जातं, असं त्यांचं म्हणणं. रात्रभर थांबून पहाटे माग काढला. पानापानावर वाळलेलं रक्त, मध्येच ओढा ओलांडलेला. सापडली तेव्हा कोल्ह्यांसारखे ते कायोटी तिच्यापर्यंत आमच्या आधी पोचले होते. आजोबा टोपी काढून उभे राहिले, मला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी मचाणावर बसलो, पण बंदूक नेली नाही.

ताई, मुलगा जाणारच असेल तर त्याला हे वाचून दाखवा. उजेड कमी होत असेल, हरीण पळत असेल, आड फांदी असेल, किंवा मनात जरा शंका असेल, तर बार काढायचा नाही. रिकाम्या हाताने घरी येणाऱ्याला इथे कोणी हसत नाही.

प्रश्न : काका, मी तुमच्या शेजारच्या ला क्रॉस शहरात शिकतो. माझ्या प्राध्यापकांनी एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीला चल म्हणून सांगितलंय, बंदूक तेच चालवणार, मी नुसता सोबत. टर्की म्हणजे मला फक्त थँक्सगिव्हिंगच्या ताटातली माहीत. काय तयारी करू? — विद्यार्थी, मूळ नाशिकचा

उत्तर : अरे, तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हरणापेक्षा माझा जीव टर्कीत अधिक आहे. आणि तू राहतोस त्याच्या शेजारूनच या पक्ष्याची दुसरी कहाणी सुरू होते.

विस्कॉन्सिनमधली रानटी टर्की १८८१ नंतर दिसेनाशी झाली. ओकची राई तोडली गेली, वाटेल तेव्हा वाटेल तितकी मारली गेली. जवळजवळ शंभर वर्षं इथल्या डोंगरांत तिची साद नव्हती. मग १९७६ साली मिसुरी राज्यातून २९ टर्की आणून आमच्या व्हर्नन काउंटीत सोडल्या. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला आपल्याकडचे ग्राउज, म्हणजे तितरासारखे रानपक्षी दिले. सात वर्षांत, १९८३ ला, वसंतातली पहिली शिकार उघडण्याइतकी ती वाढली. ते पक्षी सोडले तेव्हाची गोष्ट शेजारी आजोबा सांगायचे. त्यांनी स्वतःच्या हयातीत हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो चाळिशी उलटल्यावर.

तयारी सांगतो. कपडे झाडोऱ्याच्या रंगाचे, चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे. वसंतात नारिंगीची सक्ती नाही, कारण टर्कीला रंग उत्तम दिसतात आणि नजर अशी की तू पापणी मिटलीस तरी तिला कळावं. नाक मात्र तिचं अधू आहे. लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर कुठेही नकोत. आतला गंजी, मोजे, खिशातला रुमालसुद्धा बघ. माजावर आलेल्या नराचं डोकं नेमक्या याच तीन रंगांचं होतं, आणि झाडीत हललेला लाल तुकडा पाहून कोणा उतावळ्याने बार काढला तर तुझं काय होईल? झाडाला टेकून बसशील ते झाड खांद्यांपेक्षा रुंद निवड, म्हणजे पाठ झाकली जाते. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नकोस, टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नकोस. माणसाच्या आवाजात मोठ्याने बोल.

सकाळी अंधारातच जावं लागेल. टर्की रात्री झाडावर झोपते, एवढा जड पक्षी पण उंच फांदीवर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी फांदीवरूनच नर गर्जतो. ती गर्जना घशातली गुळणी आणि नगारा यांच्या मधली काहीतरी आहे; पहिल्यांदा ऐकशील तेव्हा छातीत जाणवेल. तुझे प्राध्यापक मग लाकडाच्या छोट्या पेटीवर झाकण घासून किंवा पाटीवर काडी फिरवून मादीचा आवाज काढतील. निसर्गाचा रिवाज असा, की नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी त्याला उलटं करायला सांगत असतो, म्हणूनच वेळ लागतो. नर पन्नास पावलांवर येऊन पिसारा फुलवून तासभर तिथेच गोल फिरेल, पंख जमिनीला घासेल आणि निघून जाईल. मांडीला मुंग्या येतील. हलू नकोस.

वसंतात फक्त दाढी असलेली टर्की मारता येते. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा घोड्याच्या केसांसारखा राठ झुपका. तो असतो नराला, क्वचित एखाद्या मादीलाही. बंदूक छऱ्याची, रायफल चालत नाही, आणि अंतर चाळीस यार्डांच्या आतलं. पुढच्या वर्षी स्वतः परवाना काढायचा विचार असेल तर सोडतीचा अर्ज १० डिसेंबरच्या आत करावा लागतो. नवीन मुलं एप्रिल उजाडल्यावर जागी होतात. वर साताऱ्याच्या ताईंना दिलेल्या उत्तरातला व्हिसाचा भाग तूही वाच.

माझ्या बावीस वसंतांत मी सहा टर्की आणल्या. बाकीच्या सकाळी नुसतं ऐकून परत आलो, आणि त्या सकाळींचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांनी आम्हाला हरणाचं दहा पौंड मांस आणून दिलंय, कागदात गुंडाळलेलं, गोठवलेलं. नाही म्हणणं बरं दिसेना. हरणांना काही मेंदूचा रोग असतो असं ऐकलं. खाऊ का? आणि करू कसं? — गृहिणी, मॅडिसनजवळ

उत्तर : नाही म्हटलं नाहीत हे चांगलं केलंत. इथे हरणाचं मांस देणं म्हणजे आपल्याकडे घरचा पहिला आंबा देण्यासारखं आहे. तरीही शेजाऱ्यांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारा : "हरीण तपासून घेतलंत का?" यात कोणाला राग येत नाही.

त्या रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो विस्कॉन्सिनमध्ये २००२ च्या फेब्रुवारीत सापडला, तोही तुमच्याच बाजूला, माउंट होरेबजवळ. जिवाणू नाही, विषाणू नाही. प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन आहे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दुधातले जंतू तापवून मारतो, पण हे प्रथिन शिजवून जात नाही, गोठवून जात नाही. हरीण बाहेरून धडधाकट दिसत असतानाही त्याच्यात ते असू शकतं. माणसाला या रोगाची लागण झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी ज्या भागात रोग आहे तिथलं हरीण तपासून घ्यावं आणि रोग निघाला तर खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. राज्याचा निसर्ग विभाग ही तपासणी फुकट करतो. हरणाचं डोकं ठरलेल्या पेटीत नेऊन ठेवायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. मी माझं प्रत्येक हरीण तपासतो. एका वर्षी निकाल वाईट आला, तेव्हा सगळं कापून, बांधून ठेवलेलं मांस टाकून दिलं. हात जड झाला, पण दुसरा विचार केला नाही.

दुसरी काळजी शिशाची. शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यात मिसळतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर गोळी शिशाची की तांब्याची तेही विचारा. मी तांब्याचीच वापरतो.

आता स्वयंपाक. हरणाच्या मांसात चरबी जवळपास नसते, आणि असते तिची चव उग्र. थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून पांढरी चरबी आणि वरचा चंदेरी, चिवट पापुद्रा धारदार सुरीने काढून टाका. "वास येतो" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी हा पापुद्रा ठेवलेला असतो. पाठीच्या कण्यालगतचा लांब, मऊ तुकडा असेल तर त्याला कुकरमध्ये घालू नका. लोखंडी तव्यावर तूप, मीठ, मिरी, दोन्ही बाजूंनी मिनिटभर आणि खाली उतरवा. जास्त ठेवलंत तर चामडं होईल.

खांदा आणि मान मात्र आपल्या पद्धतीला फार मानवतात. मी आलं-लसूण, हळद आणि दही लावून रात्रभर ठेवतो. सकाळी कांदा परतून मांस टाकायचं, गरम पाण्यात मंद आचेवर दोन तास. मग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं काळं वाटण, घरचा मालवणी मसाला, शेवटी दोन आमसुलं. तेल नेहमीपेक्षा जरा सढळ हाताने, कारण मांस स्वतःचं काही सोडत नाही. खिमा असेल तर पूर्ण शिजवा, मधे गुलाबी ठेवू नका. केलेल्यातला एक डबा शेजाऱ्यांना नेऊन द्या. आमच्या शेजारी आजोबांनी पहिल्या वर्षी तो रस्सा पावाने पुसून खाल्ला, आणि त्यानंतर दर वर्षी खांदा माझ्यासाठी वेगळा ठेवला, ते गेले त्या वर्षापर्यंत.

प्रश्न : तुमच्याकडे हरणं वाढली की लोक परवाना काढून मारतात. आमच्याकडे रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रात्रीत तूर-सोयाबीन लोळवतात आणि आम्ही डबे वाजवत जागतो. इथे तसा कायदा का नको? — शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, मी एवढ्या लांबून तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही. आमच्या राजापूरच्या घरी शेतीच्या राखणीसाठी आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं उतरली की वाडीतले पुरुष हाकारा घालायचे. पीक एका रात्रीत कसं जातं हे मी लहानपणी पाहिलंय.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, कारण रानं तोवर रिकामी होत आली होती. अमेरिकेतही तेच झालं होतं, टर्कीचं वर सांगितलंच. फरक पुढे पडला. १९३७ सालच्या कायद्याने इथे बंदुका आणि काडतुसांवरचा कर राखून ठेवला. लांब नळीच्या बंदुकीवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे, आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. परवान्याचे पैसेही तिथेच. त्यातून गणती होते, रक्षक नेमले जातात, कुठल्या भागात किती माद्या मारू द्यायच्या ते दर वर्षी ठरतं. मी हरीण मारलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. ही सगळी घडी नसताना नुसती बंदुकीची मोकळीक दिली, तर दहा वर्षांत रोहीबरोबर चितळ आणि सांबरही जाईल असं मला मनापासून वाटतं.

आणि तुमच्या जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, वाघ आहेत. माझ्या डोंगरात वाघाच्या जागी माणूस उभा राहिला, कारण दुसरं कोणी नव्हतं. तुमच्याकडे ती जागा रिकामी नाही. रोही आणि डुक्कर हे त्याचं पोट आहे. ते कमी झालं की तो गोठ्याकडे वळेल.

म्हणून तुमचा हक्क आहे तो भरपाईवर. नुकसान दिसलं की त्याच दिवशी वन विभागाकडे अर्ज, फोटो आणि पंचनाम्याचा आग्रह. रोही-रानडुकरांचा उपद्रव फारच असेल तर कायद्यात परवानगीची वाट आहे, तीही लेखी मागा. एक हात जोडून विनंती : कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही.

प्रश्न : आम्ही नुकतंच गावाबाहेर पाच एकरांवर घर घेतलंय. नोव्हेंबरात चारी बाजूंनी बार ऐकू येतात. मुलांना अंगणात सोडू का? कोणी आमच्या रानात घुसलं तर? — नवे रहिवासी, विस्कॉन्सिन

उत्तर : तुमच्या जमिनीत तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही शिकारीला येता येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत शिकारीला आलेल्यालाही, तुमच्या परवानगीशिवाय, तुमच्या घराच्या शंभर यार्डांच्या आत बंदुकीचा बार काढता येत नाही. कोणी आलंच तर वाद घालायला एकट्याने झाडीत जाऊ नका, काउंटीच्या शेरीफला किंवा निसर्ग विभागाच्या रक्षकाला फोन करा. बहुतेक वेळा मात्र दाराशी कोणीतरी येऊन अदबीने विचारेल, कारण त्यांचं जखमी हरीण तुमच्या हद्दीत शिरलेलं असतं. हो म्हणा. ते माग काढून हरीण घेऊन जातील आणि ख्रिसमसला तुमच्या पायरीवर सॉसेजचं पुडकं असेल.

मुलांना अंगणात जरूर सोडा, फक्त त्या नऊ दिवसांत नारिंगी टोपी आणि जाकीट घालून. कुत्रा असेल तर त्यालाही नारिंगी पट्टा. झाडीकडे फिरायला जायचं ते भर दुपारी; पहाट आणि तिन्हीसांज टाळा.

गाडीचं मात्र गोळीपेक्षा जास्त मनावर घ्या. नोव्हेंबरात नर माजावर असतात आणि मादीच्या मागे डोळे मिटल्यासारखे धावतात. अंधार पडताना वेग कमी ठेवा. हरीण समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. त्याला चुकवायला गाडी वळवलीत तर झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जाल. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच निघू नका. मागून दुसरं येतं.